धुतलेला एप्रन

आमच्या प्रयोगशाळेत दुधाची पावडर उंदरांसाठी यायची, पण ती त्यांना प्यायला मिळायची नाही. पत्र्याच्या गोल टाकीत कोमट पाणी भरायचं आणि त्यात ती ढवळायची, म्हणजे पाणी पांढरं होऊन तळ दिसेनासा होतो. पाण्याखाली बोटभर खोल एक छोटा पाट असतो. उंदीर सोडला की तो पोहत पोहत पाट शोधतो, वर चढतो, अंग झटकतो. दुसऱ्या दिवशी त्याला जागा आठवते. म्हातारा झाला की आठवत नाही. मग टाकीच्या कडेला अंग घासत नुसता गोल गोल फिरत राहतो. वयाबरोबर आठवण कशी विझत जाते, हाच आमचा विषय. पंच्याण्णव साली सांगलीत मी हे काम सुरू केलं. ते उंदीर पिलं असल्यापासून माझ्या हातातले.

बाळंतपणाला साताऱ्याला माहेरी गेले तेव्हा ते अश्लेषाच्या हवाली केले. ती माझ्याबरोबरच काम करायची. उंदरांना माणूस वासानं कळतो. हात बदलला की बिथरतात आणि सगळी मापं चुकतात. म्हणून माझा वापरलेला एप्रन न धुताच तिला दिला. "हाच घालत जा, म्हणजे त्यांना तू मीच वाटशील," म्हटलं. आमच्याकडे असं करतातच.

मुकुल रांगायला लागल्यावर परतले. घरी सासूबाई होत्या, काळजी नव्हती. तरी निघताना तो पायाला मिठी मारायचा आणि मी चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहायची.

उंदीर आता पुरते म्हातारे झाले होते. पाठीवरचे केस विरळ, चाल मंद. पहिल्याला उचलणार तोच अश्लेषा म्हणाली, "थांब गं, मी सोडते."

तो रेघ ओढल्यासारखा सरळ पाटावर गेला. मग दुसरा. मग सगळेच.

"काय देतेस त्यांना?"

"काही नाही. तुझा एप्रन घालते, बस्स."

पिंजरे धुणारे हंबीरराव हसले. "आवं म्याडम, तुमी पोराला खेळवा निवांत. उंदरं आता ह्यास्नीच आई समजत्यात."

मीही हसले. चहाच्या वेळी सर सहज 'अश्लेषाचे उंदीर' म्हणाले. डोळे न उघडलेली ती पिलं मी तळहातावर घेतली होती, आणि आता ती अश्लेषाची!

संध्याकाळी एप्रन मागून घेतला. देताना ती जराशी घुटमळली. रिक्षात तो मांडीवर धरला. मार्केट यार्डाकडून हळदीचा उग्र वारा येत होता, तरी त्यातूनही एक वास वर आला. वेखंड, दूध, आणि मानेच्या वळीतला तो किंचित आंबूस घाम. मुकुलचा वास.

अश्लेषानं मुकुलला अजून पाहिलंही नव्हतं.

घाबरायला हवं होतं. पण आधी जळफळाट झाला. उंदीर घेतलेस ते घेतलेस, हा वास माझा आहे बाई. घरी पोचल्या पोचल्या मोरीत बसून साबणाची वडी घासून घासून तो एप्रन धुतला, पाणी नितळ येईपर्यंत पिळला. मुकुल उंबऱ्याशी बसून बघत होता. एरवी पाण्यात हात मारायला धावला असता.

दुसऱ्या दिवशी तोच एप्रन घालून उंदीर मी सोडले.

एकही आत वळला नाही. पत्र्याला अंग घासत, कडेकडेनं, गोल गोल. ते दमले की मी उचलून घ्यायची, तर माझ्या हातात ताठ व्हायचे.

अश्लेषा दारात उभी होती. रागावलेली वाटली नाही.

"धुवायला नको होतास गं," ती म्हणाली. "आता कुणाकडे जायचं ते त्यांना कसं कळणार?"

मी अर्धी रजा टाकून घरी आले.

बाहेरच्या खोलीत भर दुपारचा उजेड होता. मुकुल भिंतीला खांदा घासत रांगत होता. कोपरा आला की वळायचा, आणि पुन्हा भिंतीनं पुढे.

मी खोलीच्या मधोमध बसले. हात पसरले. "मुकल्या, ये. बघ कोण आलंय."

तो समोरून गेला. त्याची नजर माझ्यावरून फिरली, रिकाम्या जागेवरून फिरावी तशी.

"आई, ह्याला काय झालंय?"

सासूबाई आतून आल्या. तांब्या-भांडं माझ्यापुढे ठेवलं. पदर सारखा केला.

"दमला असाल उन्हाचं," त्या अदबीनं म्हणाल्या. "बसा ना. त्याची आई येईलच एवढ्यात."

फाटकाची कडी वाजली.

मुकुल थांबला. त्यानं भिंत सोडली.

आणि माझ्या गुडघ्याला वळसा घालून, खुदखुदत, तो सरळ दाराकडे निघाला.