जावईबापूंचं पथ्य

भर रस्त्यात जावईबापूंनी बसकण मारली. एक पाऊल पुढे टाकतील तर शपथ! जावईबापू म्हणजे तिचा इवलासा पांढरा कुत्रा. मिनतवाऱ्या केल्याशिवाय घास घेत नाही म्हणून तिच्या बाबांनी हे नाव ठेवलेलं.

ती पट्टा ओढतेय, तो ढिम्म हलत नाही... तेवढ्यात एका उंच माणसाने वाकून त्याला सरळ उचललंच.

"ओ! काय चाललंय?"

"याच्या बरगड्या शोधतोय," तो गंभीरपणे म्हणाला. "सापडत नाहीयेत."

"तुम्ही कोण?"

"कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला, जनावरांचा डॉक्टर."

"मी समोरच कपडे शिवते. आणि हा काही म्हणजे काही खात नाही हो!"

"न खाता एवढं बाळसं? कमाल आहे!"

ती हसली, आणि तिथेच फसली.

दवाखान्यातला काटा सहा किलोवर थांबला. डॉक्टरने तिची बोटं धरून कुत्र्याच्या कुशीवर टेकवली. "हलक्या हाताला बरगडी लागायला हवी. वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. माप घेणाऱ्या बाईला मी काय शिकवणार म्हणा!" शिकवून झालं तरी बोटं तिथेच राहिली. तिनेही काढली नाहीत.

पथ्य ठरलं. खाणं मोजून द्यायचं, पंधरा मिनिटांनी ताटली उचलायची, मधे काहीही चारायचं नाही. चोरून बिस्किटं देणाऱ्या बाबांना तिने सज्जड दम भरला. जावईबापू दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी ताटली चाटूनपुसून लख्ख!

दर शनिवारी वजन व्हायचं. ती नवा कुर्ता घालून जायची.

"आज पेशंटपेक्षा मालकीणबाईच नटल्यात," डॉक्टर म्हणायचा.

"पेशंटकडे बघा तुम्ही."

"बघतोय की... अधूनमधून."

दीड महिन्यात काटा सव्वापाचवर आला. डॉक्टर खूश झाला. "पाच किलो झालं की सुटलात. मग दर शनिवारी हेलपाटा नको."

तिला तो शब्द टोचला. हेलपाटा? मग त्याला भेटायचं कुठल्या निमित्ताने? त्या संध्याकाळी तिने चीजचा एक तुकडा कुत्र्यापुढे धरला. एकच... मग रोजच. कंबर पुन्हा भरत चालली होती. अर्ध्या इंचाचा फरक नजरेनं ओळखणारी ती, तिला काय दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं.

दोन महिने काटा काही खाली येईना. डॉक्टरने खाणं बदललं, जाडजूड पुस्तकं उघडली, शेवटी रक्त तपासायचं ठरवलं. सुई टोचली तसा कुत्रा कळवळून ओरडला आणि तिच्याच कुशीत शिरला. तिने त्याला घट्ट धरून ठेवलं.

पुढच्या शनिवारी डॉक्टर पडेल आवाजात म्हणाला, "रिपोर्ट चांगले आहेत. माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही याला मोठ्या दवाखान्यात दाखवा..."

आता मात्र तिला राहवेना. "तुमचं काही चुकलं नाही. मी चीज चारत होते. रोज."

"का?"

"तुम्हाला भेटायला मिळावं म्हणून..."

त्याने कुत्र्याला काट्यावरून उचलून खाली ठेवलं.

"पाच किलो झालं की मी तुम्हाला विचारणार होतो," तो म्हणाला. "उपचार चालू असताना विचारणं बरं दिसलं नसतं. तुम्हाला नाही म्हणायचं असतं तर याला घेऊन कुठे गेला असतात? म्हणून थांबलो होतो."

"मग... आता विचारा ना."

"तो ओरडला तेव्हा तुम्ही त्याला धरून उभ्या होतात. एक शब्द बोलला असतात तर सुई टोचलीच नसती."

ती रडायला लागली. त्याने रुमाल पुढे केला, पण जवळ आला नाही.

"तुम्ही मला आवडता," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर राग जात नाहीये."

"आणि गेला की?"

"स्वतः येईन दुकानात."

जावईबापू आता पाच किलोचे आहेत, वरून बघितलं की कंबर दिसते. डॉक्टरचा दवाखाना तिथेच आहे, तिचं दुकानही. रस्त्यात भेटला की तो वाकून कुत्र्याला कुरवाळतो, बाबांची चौकशी करतो. ती आशेने त्याच्या तोंडाकडे बघते. "येतो हं," म्हणून तो रस्ता ओलांडतो, तिच्या दुकानाकडे पाठ करून, पलीकडच्या बाजूला.