तुला हवं ते घे

रिकामा कंटेनर तपासायची एक साधी पद्धत आहे. आत जायचं, दार बाहेरून बंद करून घ्यायचं आणि अंधारात उभं राहायचं. डोळे सरावले की पत्र्याला कुठे भोक असेल तर टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसतो. तिथे खडूने खूण करायची आणि दार ठोकायचं. जासईच्या यार्डात मी वर्षानुवर्षं हेच करत आलो आहे. दार लावायला-उघडायला जोतीराम असतो. आत गंजाचा वास, ओल्या लाकडाचा वास, कधी आधीच्या मालाचा, कांद्याचा नाहीतर रबराचा. काही बोललं तर आवाज चारी पत्र्यांवर आपटून परत येतो.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की मी भलतंसलतं मानणारा माणूस नाही. उजेड दिसला तर भोक आहे, नाही दिसला तर नाही.

आम्ही नेरूळला राहतो. मी विलास. बायको स्मिता. आणि

निखिल. आमचा एकुलता एक. घणसोली गावात सरस्वतीबाईंच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन आम्ही राहत होतो, तेव्हा झाला. सरस्वतीबाईंनी पाय पसरून, पायांवर पालथा घेऊन त्याला न्हाऊ घातलं. उजव्या कानामागे तीळ. तिखट खाल्लं की नाक गळायचं, तरी ठेचा मागायचा. त्यांच्या कुंदनबरोबर गल्लीत क्रिकेट खेळायचा. एकदा ह्याची बॅट कुंदनच्या भुवईला लागली, टाके कुंदनला पडले आणि रडला हा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना डेंग्यू झाला. ताप उतरला म्हणून आम्ही निर्धास्त झालो. ताप उतरल्यावरच सांभाळायचं असतं, हे आम्हाला तो गेल्यावर कळलं.

त्यानंतर स्मिता जेवेनाशी झाली.

म्हणजे स्वयंपाक करायची. त्याचा डबा भरायची, संध्याकाळी तो रिकामा करून घासायची. त्याचा फोन रोज चार्ज करायची. नंबर बंद पडून दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून त्यात रिचार्ज मारायची. त्याचा शेवटचा टॉवेल न धुता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला होता, दिवसातून एकदा पिशवी उघडून तोंड आत घालायची आणि वास उडून जाऊ नये म्हणून लगेच बंद करायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, शरीरात दोष नाही, पण असंच चाललं तर शरीर थांबणार नाही तुमच्यासाठी.

मी एका दुपारी घणसोलीला गेलो.

सरस्वतीबाईंच्या कौलारू घराची आता पाच मजली इमारत झाली आहे. खाली दुकानं, वर भाडेकरू. त्या गॅलरीत कोलीम, ती बारीक सुकट, निवडत बसल्या होत्या. मला पहिल्यापासून इलासभाऊ म्हणतात.

"इलासभाऊ, तोंड येवरासा झालाय तुजा," त्या म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल. आयला सांगू."

गावदेवीचं देऊळ दोन इमारतींच्या मधल्या बोळात आहे. वरून एसीचं पाणी टपकतं. आत ग्रॅनाइट लावलंय, पण देवी तीच, शेंदूर चढवलेली शिळा, गुडघ्याएवढी, एकटी.

"पयला काय पायजे ता बोलाचा," सरस्वतीबाई हळू आवाजात सांगत होत्या. "मंग काय देनार ता बोलाचा. नारल तर नारल, लुगडा तर लुगडा, कोंबरा तर कोंबरा. नाव घेऊन बोलाचा. आयला मोकली नाय सोराची."

मला ते कसंतरीच वाटलं. देवापुढे उभं राहून एका साडीत एवढं द्या म्हणायचं? आमच्याकडे पूजेच्या पत्रिकेवर 'यथाशक्ती' छापतात. शिकलेला, नोकरदार माणूस देवाशी घासाघीस करत नाही. मी हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "स्मिताचं दुःख जाऊ दे. त्याच्या बदल्यात तुला हवं ते घे."

सरस्वतीबाईंचा हात माझ्या दंडावर पडला. पण तोवर बोलून झालं होतं.

"असा रं कसा बोल्लास?" त्या म्हणाल्या. देवीकडे बघत नव्हत्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मिताने पोहे केले आणि खाल्ले. पुन्हा घेतले. वर लिंबू मागितलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिला चावताना बघत होतो. डोळे भरून आले.

"अहो, काय बघताय? नाकाला काही लागलंय का?"

ती दुपारभर झोपली. संध्याकाळी खालच्या बागेत बायकांबरोबर बसली. तिचं हसणं मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू आलं. मी जोतीरामला पेढे दिले. त्याने विचारलं कशाचे, मी म्हणालो, घरचं माणूस बरं झालं.

डबा भरला नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मला वाटलं, बरंच झालं, कधीतरी हे व्हायलाच हवं होतं.

मग एका रविवारी ती आवरायला बसली. हातात त्याचा फोन. "अहो, हा कुणाचा? आपला नाही हा. भंगारवाल्याला देऊ?"

मी तो तिच्या हातातून घेतला. चालू केला. आत काहीच नव्हतं. फोटो नाहीत, नंबर नाहीत. दुकानातून आणल्यासारखा.

प्लॅस्टिकच्या पिशवीत टॉवेल होता, धुतलेला. साबणाचा वास येत होता.

हॉलमधला फोटो वाशीच्या मिनी सीशोरवर काढलेला. तिघांचा. आता त्यात आम्ही दोघं होतो, मधे माणूसभर जागा सोडून. स्मिताचा हात त्या जागेवर, खांद्याच्या उंचीवर, हवेत टेकलेला.

"फोटोत असं लांब लांब कोण उभं राहतं?" मी विचारलं.

"त्या फोटोवाल्याला विचारा," ती म्हणाली. "तुम्हाला तेव्हा माझ्याजवळ उभं राहायची लाज वाटायची."

मी तिला पलंगावर बसवलं. सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. कानामागचा तीळ, ठेचा, बॅट, ताप. ती लक्ष देऊन ऐकत होती. मधेच तिने माझा हात हातात घेतला. तिचे डोळे ओले झाले, पण ते दुसऱ्याच्या घरची हकीकत ऐकताना होतात तसे.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला मूल हवं होतं, हे मला इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीत."

*

कुंदनला फोन केला. तो आता घणसोलीतच रियल इस्टेटचं बघतो.

"कोण निखिल, काका? आपल्या बिल्डिंगमधला का?"

"तुझ्या भुवईला टाके कशाने पडले?"

"पायरीवरून पडलेलो ना. लहान होतो. काका, सगळं ओके ना? टेन्शन घेऊ नका. काकींना घेऊन या ना एकदा, आईपण आठवण काढते तुमची."

त्याच आठवड्यात यार्डात एक चाळीस फुटी कंटेनर होता, नुकताच धुतलेला. मी आत गेलो. जोतीरामने दार लावलं, कड्या पाडल्या. अंधार. कुठेही भोक नव्हतं.

मी "स्मिता" म्हणालो. चारी बाजूंनी स्मिता परत आली.

मी "जोतीराम" म्हणालो. जोतीराम परत आला.

मग मी त्याला हाक मारली. घरी मारायचो तशी, शेवटचं अक्षर लांबवून.

काही परत आलं नाही. आवाज बाहेर पडला तो कुणीतरी ओंजळीत झेलून घेतल्यासारखा.

मी पुन्हा ओरडलो. घसा फाटेपर्यंत. जोतीरामने दार उघडलं तेव्हा माझे हात पत्र्यावर आपटून सोलले होते.

"साहेब, दार ठोकलंत ना?" तो म्हणाला. "मला वाटलं, भोक सापडलं."

"माझा आवाज आला?"

"मघाशी माझं नाव घेतलंत. नंतर चिडीचूप होतं."

*

आमचा एकुलता एक. घणसोलीत झाला. कुणीतरी त्याला न्हाऊ घालायचं. कानामागे तीळ, उजव्या. की डाव्या. तिखट आवडायचं. कुणाला तरी बॅट लागली होती आणि कुणीतरी रडलं होतं. ताप

सुरुवातीला मी त्याचं नाव लिहिलं होतं. आता वर बघतो तर तिथे मला कोरी जागा दिसते. तुम्हाला दिसत असेल तर एकदा मोठ्याने म्हणा.

*

सरस्वतीबाईंनी मला पाणी दिलं. त्यांना नवस आठवत होता. बाकी नाही.

"बायकोसाठी बोल्लेलास तू. गुन आला ना? मंग?"

"माझा मुलगा," मी म्हणालो. "तुम्ही त्याला पायांवर घेतला होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढी दया मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. "तुमच्या घरान पालना हालला नाय, ता मनाला लागनारच. पन असा बोलू नको, भाऊ. बायकोच्या समोर तर नकोच."

मी रडलो. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "फेरला नाय ना अजून? म्हनून तुजा डोका फिरलाय. फेरला नाय तवर आय घेतच राते. लुगडा आन, नारल आन, नाव घेऊन बोल, की येवराच. संपला."

म्हणजे फेडला तर थांबेल. माझ्याकडे त्याचं अजून थोडं शिल्लक होतं. पाठमोरं चालणं. दारात चपला कशाही काढून टाकायची सवय. आंघोळीनंतरचे ओले केस. ते तरी राहील.

आणि परत मागितलं तर? हाही विचार आला. सगळं परत दे म्हणायचं.

घरी आलो तेव्हा स्मिता शिलाई मशीनवर बसली होती. त्याच्या खोलीत. ते मशीन तिथे नेहमीचंच आहे म्हणाली. बांगड्या मनगटात घट्ट बसल्या होत्या. गाल भरले होते. तोंडात दोरा धरून ती माझ्याकडे बघून हसली.

*

मंगळवारी दोघं गेलो. मी सुट्टी घेतली. स्मिताने हिरवी साडी घेतली होती, नारळ, खण, तांदूळ. तिला वाटत होतं, नवस तिच्या दुखण्यासाठी होता, आणि ते खोटं नव्हतं.

बोळात ऊन होतं. एसीचं पाणी टपकत होतं. सरस्वतीबाई पुढे होत्या.

देवीसमोर उभा राहिलो.

शिळेला टेकून आणखी एक दगड होता. वीतभर उंच. शेंदूर ताजा. वर चांदीचे नवे डोळे.

"हा कधी बसवला?" मी विचारलं.

"ह्यो?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "पयल्यापासून हाय. आयचा पोर."

"देवी एकटी होती."

"आय कवा एकटी असते काय?"

मी हात जोडले. दे परत, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. शेजारी स्मिताचा श्वास ऐकू येत होता, संथ, निरोगी.

"साडी आणि नारळ," मी म्हणालो. "एवढंच. आता पुढे घेऊ नकोस."

नारळ फुटला. पांढरा निघाला.

स्मिताने ओटी भरली. मग ती खाली वाकली. लहान दगडावरून तेलाचा ओघळ चांदीच्या डोळ्यात उतरत होता. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि तो टिपला. तेवढ्यावर थांबली नाही. ओठांजवळ टिपलं, हनुवटीखाली टिपलं. दगडाला ओठ नव्हते.

"किती गोड आहे, नाही?" ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

"चला," ती कुजबुजली. "त्याला झोप आलीये."

परतताना रिक्षा केली. ठाणे-बेलापूर रोडला दुपारची वर्दळ होती. वाऱ्याने तिचे केस उडत होते. ती गुणगुणत होती, कुठलंच गाणं नाही, एकच सूर, मागेपुढे, मागेपुढे.

एका सिग्नलला ती गुणगुणायची थांबली. मान खाली घालून बघितलं.

"अहो, पाण्याची बाटली गळली वाटतं. बघा, ब्लाऊज पुढून सगळा भिजलाय."

पिशवी माझ्या पायाशी होती. मी बाटली काढून बघितली. झाकण घट्ट होतं. बाटली भरलेली होती.

स्मिता पदराने स्वतःला टिपत होती. रिक्षाभर दुधाचा वास होता.