रक्षकपेशींचा विराम

कालिंदी घोलप वेळ न ठरवताच प्रयोगशाळेत शिरली. बीजाशयाच्या कर्करोगावर डॉ. एस्तर भिंगारदिवे यांनी शोधलेल्या उपचाराने वाचलेली ती पहिली रुग्ण. त्या शोधावरच एस्तरबाई संस्थेच्या संचालक झाल्या होत्या.

"तिसरं मूलही पोटातच गेलं," कालिंदी उभ्यानेच म्हणाली. "प्रयोगातल्या उंदरिणींचंही असंच झालं होतं म्हणे. तुम्हाला ठाऊक होतं."

एस्तरबाईंनी शेजारी बसलेल्या डॉ. फडतरे यांच्याकडे रोखून पाहिलं. हे प्रतिकारशास्त्रज्ञ त्यांचे जुने सहकारी. अलीकडे दोघांचं पटत नव्हतं. फडतऱ्यांनी नजर चुकवली नाही.

"ठाऊक होतं," एस्तरबाई म्हणाल्या. "सांगितलं असतं तर तुम्ही उपचार नाकारले असते आणि वर्षभरात गेला असता."

"ते मी ठरवलं असतं."

फडतरे मध्ये पडले. "गर्भ अर्धा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. तरी शरीर त्याला मारत नाही, कारण गर्भाला पोसणाऱ्या वारेच्या पेशी एक आवरण-प्रथिन पांघरून असतात. कर्करोगाची गाठ नेमकं तेच आवरण चोरते. आम्ही तुमच्या रक्तातल्या पेशींना ते फाडायला शिकवलं. त्या रक्षकपेशी. गाठ कुठली आणि वार कुठली, हे त्यांना कळत नाही."

"मग त्यांना झोपवा."

"विराम-द्रव्याने झोपवता येतं," फडतरे म्हणाले.

"आणि एखादी कर्कपेशी उरली असेल तर तीही तेवढे महिने मोकळी सुटेल," एस्तरबाई तुटकपणे म्हणाल्या. "मी परवानगी देणार नाही."

"तर मी उंदरिणींची गोष्ट कोर्टात सांगेन," कालिंदी म्हणाली.

परवानगी मिळाली.

या वेळी गर्भ टिकला. सातव्या महिन्यात मात्र तपासणीत बाळाच्या शेजारी गाठही दिसली. एस्तरबाईंनी विराम लगेच थांबवायला सांगितलं. विराम थांबला असता तर बाळ गेलं असतं.

"बाळ बाहेर येईपर्यंत विराम चालूच ठेवायचा," कालिंदी म्हणाली. "आणि सुई तुम्ही टोचायची नाही."

मुलगी वेळेआधी, शस्त्रक्रियेने जन्मली. इवलीशी, पण धडधाकट. मग विराम-द्रव्य बंद केलं. रक्षकपेशी जाग्या झाल्या आणि दोन महिन्यांत गाठ विरघळून गेली. एस्तरबाईंना वाटलं, आता तरी ही बाई एक शब्द बरा बोलेल. कालिंदी मुलीला घेऊन त्यांच्याकडे न बघता निघून गेली.

पुढे मुलीला धाप लागू लागली, म्हणून कालिंदीला परत यावं लागलं. मुलीच्या फुप्फुसांत डाग होते. त्यांतल्या पेशी फडतऱ्यांनी दोनदा तपासल्या.

"या पेशी मुलीच्या नाहीत," अखेर ते म्हणाले. "तुमच्या आहेत. विरामाच्या काळात तुमच्या कर्कपेशी वार ओलांडून तिच्यात गेल्या. अंगावर आवरण होतं, म्हणून तिच्या शरीराने त्यांना अडवलं नाही. तुमच्याकडे रक्षकपेशी होत्या. तिच्याकडे नाहीत."

"औषध?"

"एवढ्या जिवाला कर्करोगाची औषधं सोसणार नाहीत," एस्तरबाई म्हणाल्या. "तिच्या रक्तातून रक्षकपेशी घडवायला वेळ नाही. तुमच्या तयार आहेत. गर्भात आईच्या पेशींची सवय झालेली असते. तिचं शरीर त्या स्वीकारेल आणि त्या जन्मभर तिच्यात राहतील."

"म्हणजे तिला मूल होणार नाही."

"विराम दिल्याशिवाय नाही. आणि विराम दिला तर काय होतं, ते तुम्ही पाहिलंय."

कालिंदीने मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं. प्रत्येक श्वासाला त्या पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. कालिंदीने बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

एस्तरबाईंनी स्वतः सुई घेतली. रक्त नळीत चढत असताना त्या म्हणाल्या, "मोठी झाल्यावर ती जाब विचारेल. माझ्याकडे पाठवा. उपचार माझा आहे."

"नाही," कालिंदी म्हणाली. "तुमचं नावही तिच्या कानावर पडू देणार नाही. हे मी केलं."