कुंपणापलीकडचे कांदे

"आज चोर पकडायचाच!" मुकादमने जाहीर केलं.

मुकादम म्हणजे सुट्टीला मामाकडे आलेली तेरा वर्षांची पोरगी. सगळ्यांना कामाला लावण्यात पटाईत! धाकटा भाऊ फुटाणा आणि मामाची मुलगी खारूताई, एवढंच तिचं सैन्य.

चोरी होती कांद्यांची! मामीच्या परसात, तारेच्या कुंपणाला लागून एक वेगळाच कांदा होता. तो मुळासकट उपटायचाच नाही. पात कापून ऑम्लेटमध्ये घालायची, की ती पुन्हा फुटायची. देठाच्या टोकाला फुलांऐवजी बारक्या कांद्यांचा घोस धरायचा. असे काही घोस दरवर्षी गायब व्हायचे आणि तसेच कांदे पलीकडे शिवणकाकूंच्या अंगणात उगवायचे!

"चोरून नेते आणि उजळ माथ्याने लावते," मामीने गल्लीभर सांगितलं होतं. बायकांनी काकूंकडे शिवायला कपडे टाकणंच सोडलं. खारूताईचे फ्रॉक लहानपणापासून काकूंनीच शिवलेले. पण आता त्यांच्याशी बोलायचीही तिला बंदी होती. आणि आज गवंडी येऊन कुंपणाच्या जागी भिंत घालणार होता.

"तो यायच्या आत वाळके देठ कापून टाका," मामीने फर्मावलं. "एरवी मीच कापते."

फुटाण्याने आडवा पडलेला एक देठ धरून खेचला. "निघतच नाहीये!"

"सकाळची तीन ऑम्लेटं कुठे गेली? लाव जोर!" मुकादमने दटावलं.

त्याने हिसका दिला आणि खारूताई किंचाळली, "थांब! पलीकडचा कांदा हलला!"

तिघं पोटावर आडवी झाली. घोसाच्या वजनाने देठ वाकला होता, तारेखालून पलीकडे टेकला होता आणि घोसाने काकूंच्या मातीत मुळं धरली होती!

"अरेच्चा! कांदे आपापले चालत गेले!" फुटाणा ओरडला.

"आणि वाळका देठ मामीच कापते. म्हणजे पुरावा साफ!" मुकादम म्हणाली.

खारूताई मात्र हसली नाही. "म्हणजे काकूंनी काहीच केलं नव्हतं."

इतक्यात मामा गवंड्याला घेऊन आला. "इथूनच खणायला घ्या!"

"आई गं! मेलो!" फुटाणा पाय धरून थेट वाफ्यात लोळला. मामा आणि गवंडी त्याचा धडधाकट पाय चोळत बसले, तोवर मुकादमने मामीला हाताला धरून ओढत आणलं.

मामीने गुडघे टेकून स्वतः देठ ओढला. पलीकडची पात हलली. तिने पुन्हा ओढला. मग तिचा चेहरा पडला.

काकू ओसरीवर शिलाई मशीन पोत्यात बांधत होत्या.

"ताई," मामी कुंपणाशी जाऊन म्हणाली, "माझी फार मोठी चूक झाली."

"हा कांदा चालतो, ते मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "सांगायला आले होते. तुम्ही दार लावून घेतलंत."

"आता सगळ्यांना सांगते मी! तुम्ही जाऊ नका."

"भावाकडे जातेय. इथे काम उरलं नाही. भिंत मात्र घालाच, वहिनी. माझ्या जागी येईल त्याला तरी तुम्ही चोर म्हणणार नाही."

काकूंनी मुलांकडे पाहिलं. "हुशार आहात रे तिघं. शाबास!"

"काकू, मी मशीनला हात लावू का? उचलायला?" खारूताईने विचारलं.

"नको गं. तुझी आई रागवेल," काकू सवयीने बोलून गेल्या.

मामी त्याच संध्याकाळी घरोघर गेली. मुलंही बरोबर होती. कुणी "असं होय?" म्हणालं, कुणी नुसती मान हलवली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "कमालच केली पोरांनी! मलाही द्या हं त्यातले दोन-चार कांदे."

"शाबास रे माझ्या गुप्तहेरांनो!" घरी आल्यावर मामाने पाठ थोपटली. "बोला, काय बक्षीस हवं?"

मुकादमने फुटाण्याकडे पाहिलं. फुटाण्याने खारूताईकडे पाहिलं. बाहेर काकूंच्या सामानाचा टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि खारूताई अनवाणीच फाटकाकडे धावली.