समुद्राकडे तोंड केलेलं बाक

भर बाजारपेठेत, समुद्राच्या कठड्याशी आमच्या ट्रामचे रूळ संपतात. पुढे पाणीच. तिथे गाडी वळत नाही. ड्रायव्हरच डब्यातून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो. जाताजाता प्रत्येक बाकाची पाठ पलीकडे ढकलायची, म्हणजे बाकाचं तोंड परतीच्या दिशेला होतं. हे मला माझ्या दादानं शिकवलं; तोही ड्रायव्हर, मीही. उलटं बसून माणसाला मळमळतं, एकही बाक मागे तोंड करून निघता कामा नये, असा त्याचा हेका. मी त्याला चिडवायचे, की पाठी फिरवण्यात इतका शूर असशील तर घरी वहिनीसमोर पाठ फिरवून दाखव.

दादा याच थांब्यावर गेला. भर दुपारी गाडी अलगद थांबवली, दारं उघडली आणि मान टाकली. कुणाला धक्कासुद्धा लागला नाही. बाकं फिरवायची तेवढी राहिली. त्याच्यानंतरची पाळी माझी, म्हणून मी थांब्यावरच उभी होते; ती मी फिरवली, कारण गाडी परत न्यायला दुसरं कुणी नव्हतं. रडणं नंतर आलं, आणि ते अजून थांबलेलं नाही.

काही दिवसांनी समुद्राकडच्या खिडकीचं एक बाक हट्टाला पेटलं. काम संपलं की दादा त्याच बाकावर बसून घरी जायचा. मी पाठ ढकलली की फिरायचं; केबिनमध्ये जाऊन आरशात पाहावं, तर पुन्हा समुद्राकडे तोंड. परत जायचं, परत फिरवायचं, मगच निघायचं.

मी नाकासमोर चालणारी बाई. फिटरकाकांना बोलावलं. त्यांनी बिजागरी उघडली, तेल घातलं, स्वतः बसून पाहिलं. दोष काही सापडला नाही. हत्यारं आवरताना त्यांनी एवढंच विचारलं, की या बाजूला ऊन येत नाही, मग सीट गरम कशी?

वहिनी बाजारपेठेतच एका शिंप्याच्या दुकानात कामाला. दुपारी ती इथूनच गाडीत चढायची आणि दादाच्या बाकाशेजारी, मधल्या वाटेपलीकडे बसायची. तो गेल्यावरही तिनं जागा बदलली नाही. दोन घास पोटात जात नव्हते, सुकून काटकी झाली होती. एकदा तिनं मला दादाचं बाक पुन्हा फिरवताना पाहिलं.

"ह्यांना रोज मागे खेचतेस तू," ती म्हणाली.

"वहिनी, बिजागरी सैल झालीय."

"असेल. पण जाऊ दे गं त्यांना."

मला जाऊ द्यायचं नव्हतं. ते बाक हट्ट करत होतं तोवर दादा कुठेतरी होता, आणि तेवढ्यावर मी दिवस काढत होते. पण वहिनीकडे बघवत नव्हतं. त्याला सोडलं तर ही तरी सावरेल, असं मनानं घेतलं. एक माणूस गेलं होतं, दुसरं मला गमवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळी बाकं फिरवली आणि ते एक तसंच ठेवलं. निघणाऱ्याला 'जा' म्हणू नये म्हणतात. मी त्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "जा, दादा."

गाडी खच्चून भरली होती. लोक दांड्यांना लोंबकळत होते, पण त्या बाकावर कुणी बसलं नाही. वहिनी वाटभर तिकडेच बघत होती.

पुढच्या दुपारी ते बाक एका बोटानं फिरलं. मी थांबून राहिले. ते फिरलेलंच राहिलं. सीटवर हात ठेवला. गार होती.

गेला माझा दादा. मी तिथेच डोकं टेकून रडले. पोटभर रडले.

मग डोळे पुसून मधल्या वाटेपलीकडचं, वहिनीचं बाक ढकललं.

हललं नाही.

दोन्ही हात लावले. खांदा लावला. तोंड समुद्राकडेच.

सीटवर तळवा टेकला. गरम होती.

मी खिडकीबाहेर पाहिलं. वहिनी फलाटावर उभी होती. कितीतरी दिवसांनी केस नीट विंचरलेले, चेहरा तरतरीत, जेवून आल्यासारखा. माझ्याकडे बघून ती हसली.

"झालं का गं?" तिनं विचारलं. "बसू आता?"