रॅकवरचा मुका हॉर्न

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामासोबत घडलंय. तेही मध्यरात्री वगैरे नाही, ऐन दिवेलागणीला, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. मामा उगाच फेकणारा माणूस नाही. त्याने हे मला एकदाच सांगितलं, मान खाली घालून.

वॉरंटीत गाडीचा पार्ट बदलला की जुना कुठे जातो, ठाऊक आहे?

मामाकडे.

वर्कशॉपच्या मागे बिनखिडकीची एक खोली आहे. जुन्या पार्टला गाडीच्या नंबरची चिठ्ठी बांधायची आणि रॅकवर ठेवायचा. कंपनीचा साहेब येऊन तपासतो. मग त्याच्यासमोर मामाने घणाने तो फोडायचा, म्हणजे कुणी चोरून परत विकायला नको.

त्या रॅकवर एक हॉर्न होता...

ठमीचा.

ठमी म्हणजे मामाची एकुलती एक लेक. कामावरून आली की फाटकाबाहेर दोनदा हॉर्न वाजवायची. पीं... पीं. म्हणजे, 'बाबा, चहा टाका!' एकदा तो हॉर्नच बंद पडला. मामा म्हणाला, "बरं झालं, तू आणि हा हॉर्न, दोघांपैकी एक तरी गप्प बसला!" पण दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी नेऊन त्याने वॉरंटीत नवा हॉर्न बसवून घेतला. जुना रॅकवर गेला.

त्याच आठवड्यात वळणावर समोरून ट्रक आला.

गाडीचा चेंदामेंदा झाला. ठमी गेली.

मामा कामावर परतला तो नुसता देहाने. एका संध्याकाळी तो खोलीला कुलूप लावत होता. सगळं सामसूम. आणि आतून...

पीं... पीं.

मामाला वाटलं, भास असेल. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीच वेळ.

तो आत गेला. हॉर्न रॅकवर तसाच पडलेला. ना वायर, ना बॅटरी. त्याने हात लावला...

गरम होता.

घरी येऊन त्याने मामीला सांगितलं. मामी रडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, तिला घरी घेऊन या ना."

पण मामाने उभ्या जन्मात त्या खोलीतला स्क्रूसुद्धा घरी नेला नव्हता. साहेब आला तेव्हा त्याने हात जोडले. "साहेब, एवढा एक द्या. माझ्या लेकीचा आहे."

साहेब काही दगड नव्हता. तो म्हणाला, "काका, माझ्या हातात असतं तर दिला असता हो. पण एक सोडला तर उद्या सगळेच मागतील."

इतर पार्ट फोडता फोडता संध्याकाळ झाली. हॉर्न शेवटी राहिला. साहेब म्हणाला, "राहू द्या, दुसऱ्या कुणाला सांगतो." मामाने ऐकलं नाही. परक्याचा घाव तिला नको. त्याने घण उचलला, आणि...

पीं... पीं.

साहेबाने गर्रकन मागे पाहिलं. "कुणाची गाडी आली?"

बाहेर कुणीच नव्हतं.

पुन्हा ऐकलं तर आपल्याच्याने होणार नाही, हे त्याला कळलं. त्याने डोळे गच्च मिटले आणि घण घातला.

घरी आला तर मामी फाटकातच उभी. गॅसवर तीन कप चहा उकळून उकळून काळा झालेला.

"अहो, मघाशी ती आली होती!" मामीला धाप लागली होती. "इथे, फाटकाबाहेर हॉर्न वाजला. दोनदा. मी म्हटलं, आले गं बाई, आले! धावत सुटले. मी कडी काढतेय तोवर पुन्हा वाजायला लागला, आणि..."

"आणि काय?"

"मध्येच तुटला. कुणीतरी तोंड दाबावं तसा."

त्यानंतर आजतागायत काही वाजलं नाही. ना खोलीत, ना फाटकाशी.

मामी अजूनही तीन कप चहा टाकते. आणि हे सगळं सांगून झाल्यावर मामाने मला विचारलेलं काही केल्या डोक्यातून जात नाही.

"ती घरी पोचली होती रे. कडी काढायचीच बाकी होती. मी अजून थोडा थांबलो असतो तर?"