सरोवर कुठे गेलं?

"कंपालात बर्फ कोणी पाहिलाय हो?" चिठ्ठी उलगडताच नाक्कू भडकली. "‘बर्फाच्या वादळात राजपुत्राला ड्रॅगनचं अंडं सापडतं.’ कोणी टाकली ही?"

वाचनालयाच्या पडवीत नऊ-दहा जण बसले होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोपऱ्यातल्या एका उंच माणसाने मात्र हात वर केला, शाळेत चूक कबूल करावी तसा.

"मी... कोमाकेच. उत्तरेकडच्या गुलूहून आलोय. आज पहिलाच दिवस."

"आणि पहिल्याच दिवशी परदेशातून उचललेली चिठ्ठी?"

"इंटरनेटवर होती. फुकट होती."

सगळे हसले. नाक्कू हसली नाही. ती अद्भुत कथा लिहायची, दोन छापूनही आल्या होत्या. पण तिची कादंबरी चौदा महिने तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी रुतून बसली होती. म्हणून तर ती या शनिवारच्या मंडळात यायची. इथला रिवाज सोपा होता. प्रत्येकाने गोष्टीचं एक वाक्य चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकायचं, दुसऱ्याची चिठ्ठी उचलायची आणि चाळीस मिनिटं हात न थांबवता लिहायचं. जो उचलेल, वाक्य त्याचं. परत मागायचं नाही.

"मग तुम्हीच टाका ना एखादी इथली," कोमाकेच म्हणाला.

"टाकते की!"

रागाच्या भरात तिने लिहिलं – ‘एका सकाळी सरोवर उठून निघून गेलं.’ चिठ्ठी टोपलीत पडली आणि ती परत काढायला तिने हात पुढे केला, पण टोपली पुढे सरकली होती. ते तिच्या कादंबरीचं पहिलं वाक्य होतं.

आणि उचलली कोणी? त्यानेच.

"परत द्या," ती हळूच म्हणाली.

"रिवाज काय आहे?" त्याने चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. "पण खरं सांगू? असं वाक्य मला जन्मात सुचलं नसतं."

घरी जाताना नाक्कू त्याच्यावर चिडली होती. त्याचा आवाज आठवत राहिला म्हणून स्वतःवरही चिडली.

पुढच्या शनिवारी तो शेजारीच येऊन बसला.

"सरोवर गेलं... मग मासे कुठे राहिले?"

"मला काय विचारता? वाक्य तुमचं ना आता?"

"रुसलात?"

"तुमच्यावर रुसायला तेवढी ओळख आहे का आपली?"

"करू या की."

तिने वही उघडून मान खाली घातली. पण त्यानंतरच्या शनिवारी शेजारची खुर्ची तिने दुसऱ्या कोणाला दिली नाही.

पाचव्या शनिवारी कोमाकेचने गोष्ट वाचून दाखवली. सरोवर निघून जातं. एक कोळ्याची मुलगी आणि एक नावाडी कोरड्या तळावरून त्याला शोधायला निघतात. शेवटी दोघांचं लग्न होतं, ढोल वाजतात आणि ढोल ऐकून सरोवर परत येतं. मुलीचं नाव नाक्कू. नावाड्याचं, वलुसिंबी.

कोणीतरी खुदकन हसलं. मग अख्खी पडवी हसत सुटली. कोमाकेचला वाटलं, गोष्ट आवडली.

नाक्कू उठली आणि भर पावसात चालू लागली. तो कागद शर्टाखाली धरून मागे धावला. नाक्यावरच्या अंडा-चपातीच्या गाड्यापाशी, ताडपत्रीखाली, त्याने तिला गाठलं.

"काय चुकलं?"

"काय चुकलं? माझं लग्न लावलंस तू!" रागात तुम्हीचा तू झाला होता, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"गोष्टीतल्या नाक्कूचं..."

"नाक्कू हे नावच उदमांजराच्या कुळाचं. आणि वलुसिंबी? तोही त्याच कुळाचा! आमच्या कुळप्रमुखाचंच नाव आहे ते. बहीण-भावाचं लग्न लावलंस आणि वर ढोल वाजवलेस!"

गाडेवाल्याने चपाती तव्यावर तशीच सोडली. "अहो सेबो, साहेब, आमच्या बगांडा लोकांत एकाच कुळात लग्न होत नाही."

"आमच्या अचोली लोकांत नावावरून कूळ कळत नाही," कोमाकेच पुटपुटला. "रेडिओवर ऐकलं होतं ते नाव. भारदस्त वाटलं."

"आणि माझं? तेही रेडिओवर ऐकलंस?"

त्याने शर्टाखालचे कागद आणखी घट्ट धरले. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.

"नाही. ते... चार दिवस दुसरं नाव शोधत होतो. कुठलीही मुलगी लिहायला घेतली की ती तूच व्हायचीस. रागावलेली."

नाक्कूचे कान तापले. पण राग अजून संपला नव्हता.

"आणि सरोवर परत का आणलंस? ते का गेलं, हे तरी विचारायचंस! वर्षानुवर्षं आम्ही त्यात घाण सोडतोय आणि ते ढोल ऐकून परत येईल? मुळीच नाही. माणसं त्याला शोधत जातील, तेव्हा ते विचारेल – तुमच्यातलं माझं कोण लागतं? कूळ सांगा. आणि एकालाही तोंड वर करून सांगता येणार नाही..."

ती थांबली. हे तर चौथं प्रकरण होतं.

"पेन दे. लवकर!"

"कागद?"

तिने त्याच्याच गोष्टीचे कागद ओढून घेतले, उलटे केले आणि गाड्याच्या फळीवर टेकवून उभ्यानेच लिहू लागली. ताडपत्रीच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं. तो कोपरा कोमाकेचने हाताने वर धरून ठेवला. पाणी त्याच्या बाहीतून कोपरापर्यंत उतरलं, पण हात हलला नाही. पाऊस थांबला, चपात्या निवल्या, ती लिहीतच होती.

शेवटी तिने मान वर केली.

"फाडून टाकतो ती गोष्ट," तो म्हणाला.

"खबरदार! पाठीमागे माझं प्रकरण आहे." मग कागदांकडे बघतच तिने विचारलं, "तुझं कूळ कोणतं?"

गाडेवाला अंडं फोडता फोडता थबकला. मुलगी हा प्रश्न उगाच विचारत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"पायिरा," कोमाकेच म्हणाला. "का?"

"बाबा पहिलं हेच विचारतील. आणि ऐकून भयंकर चिडतील. त्यांना जावई इथलाच हवाय."

"मग...?"

"मग मी त्यांच्याहून जास्त चिडेन."

तिने कागद बगलेत धरले, त्याचा हात ओढून खाली घेतला आणि भिजलेली बाही दोन्ही मुठींनी पिळू लागली.